काळ्याखालचं पांढरं

काचेचं कापड टेबलावरच राहिलं होतं.

मोठीनं ते आधी पाहिलं आणि ते काय आहे हे तिला नंतर कळलं. मधल्या एवढ्याशा वेळात तिला दिसला तो नुसता एक पांढरा तुकडा. कोपरे गोल कापलेला, कडेला एक दशी बाहेर नाही. तिच्या मनात आलं, काय सुरेख कापलंय. मग आलं, धाकटीची कात्री. आणि मग कळलं.

हा तुकडा इथे असायला नको होता. तो बोटीवर, उजव्या खिडकीच्या कोपऱ्यात, चिरेवर, काळ्या कापडाच्या खाली असायला हवा होता. आणि काळं तर धाकटी आत्ता बसवत होती. वरून, परांचीवरून, रोलरचा आवाज येत होता. चप चप. थोडं थांबून चप.

मोठीनं मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं तुकड्याच्या दोन घड्या घातल्या आणि तो एप्रनच्या खिशात टाकला. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, टेबल आवरत होते.

कुणी विचारलं नाही.

*

बोट गोदीत ठोकळ्यांवर उभी होती. माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारी बोट, सगळी ॲल्युमिनियमची. अशा बोटींना खिडक्यांच्या कोपऱ्यांत चिरा जातात. लाटेवर बोट वाकते, वाकण्याचा ताण जाऊन कोपऱ्यात बसतो, आणि एक दिवस रंगाखाली केसाएवढी रेघ दिसते. वेल्डिंग करावं तर पत्रा पातळ, भाजून वेडावाकडा होतो, आणि मागे फोम, वायरी. म्हणून ठिगळ. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. पत्रा घासायचा, पुसायचा. मग रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाचे थर एकावर एक चढवायचे. काळे थर कार्बनचे. ताकद त्यांची.

पण काळं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागलेलं चालत नाही. मध्ये खारं पाणी शिरलं की दोघांची मिळून बॅटरी होते आणि त्या बॅटरीत मरतो तो पत्रा. वरून काही दिसत नाही. वर ठिगळ झकास, खाली पत्र्याचं पीठ. म्हणून सगळ्यात खाली एक थर पांढरा, काचेच्या कापडाचा. त्याच्याकडून ताकदीची अपेक्षा नसते. त्यानं फक्त मध्ये राहायचं.

अडचण अशी, की हे कापड रेझिननं भिजलं की काचेच्याच वळणावर जातं. आरपार दिसतं. ओला पत्रा आणि ओल्या कापडाखालचा पत्रा, दोन्ही सारखेच चमकतात. टॉर्च आडवी धरून, डोळा कलता करून पाहिलं तर वीण दिसते, नाहीतर नाही. म्हणून या शेडची एक रीत होती. थर बसवणारीनं हाक मारायची, "पांढरं बसलं." दुसऱ्या कुणीतरी हातातलं टाकून यायचं, टॉर्च आडवी धरायची आणि म्हणायचं, "पाहिलं." मगच काळं.

पांढरं विसरलं तर मुकादम ओरडायचा आणि पुन्हा करून घ्यायचा. हाक न मारता काळं चढवलं तर महिनोन्‌महिने नुसतं घासायच्या कामाला लावायचा. आणि न पाहता "पाहिलं" म्हणणाऱ्याला तो दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नसे. एकाला घेतलं नव्हतं. तो त्याचा सख्खा मेहुणा होता.

आज धाकटीनं हाक मारली होती.

मोठी म्हणाली होती, "पाहिलं."

तिनं मान वर केली नव्हती.

*

"आई, तू नको. काकू घालेल वेणी," मोठीची मुलगी म्हणाली.

"का? मी काय घोडं मारलंय?"

"तू ओढतेस. काकूचा हात हलका आहे."

"शाळेला उशीर होईल. काकू वर आवरतेय अजून."

"होऊ दे."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "पोरांना बरोबर कळतं हं, कुणाच्या हातात काय आहे ते."

आणि मोठीचा नवरा, दाढीचा साबण गालावर तसाच, आरशातून म्हणाला, "शेडमध्येपण हेच म्हणतात म्हणे. मुकादम भेटला होता परवा. धाकटीचं ठिगळ म्हणजे ठिगळ वाटतच नाही म्हणाला."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"माझं काय वाटतं म्हणाला?"

"तुझा विषयच निघाला नाही," नवरा म्हणाला आणि गाल ओढून वस्तरा फिरवायला लागला.

ही आजची सकाळ.

*

शेडमध्ये त्यांना मोठी आणि धाकटी म्हणत, कारण त्या आल्याच तशा: थोरल्या भावाची बायको आणि धाकट्या भावाची. मोठी खालच्या मजल्यावर राहायची, सासूबाईंबरोबर, धाकटी वरच्या. धाकटीला या कामावर आणलं मोठीनंच. घरी बसून कंटाळलीस ना, चल, असं म्हणून. शिकवलंही तिनंच. कात्री कशी धरायची. रोलर मधून बाहेर कसा न्यायचा. कापडाखाली अडकलेला बुडबुडा बोटानं दाबायचा नाही, रोलरच्या कडेनं दाराबाहेर घालवायचा, पाहुण्याला निरोप देतात तसा, पुन्हा येणार नाही अशा बेतानं.

धाकटी शिकली. शिकली इथवर ठीक होतं. पण ती शिकून थांबली नाही. तिच्या ठिगळावर सुरकुती नसे, डाग नसे. मुकादम तिला इस्त्री म्हणायला लागला. मोठी इतकी वर्षं शेडमध्ये होती, तिला कुणी काही म्हणायला लागलं नव्हतं. मोठी ती मोठीच.

पत्रा घासताना एका दिशेनं घासू नये. आधी उभा घासावा, मग आडवा. घासलेल्या जागेला बोट लावू नये, बोटाचं तेल लागतं. वेणी घालून आलेल्या हातांनी तर कामाला मुळीच येऊ नये, साबणानं धुतले तरी. केसाचं तेल लबाड असतं. ते हातमोज्याच्या आत राहतं आणि वेळ साधून बाहेर येतं, ठिगळ सुटतं. हे मोठीनं धाकटीला दहादा सांगितलं होतं. धाकटी रोज वेणी घालून येते. तिचं ठिगळ सुटत नाही.

*

आणि आज सर्व्हेअर आले होते.

बोटीच्या मालकांकडे अशाच आणखी बोटी होत्या, प्रत्येकीच्या खिडक्यांना अशाच चिरा. ते सगळं काम या शेडला मिळणार होतं, आणि त्यासाठी एक वेगळी टोळी निघणार होती. टोळीला एक हेड लागणार होती. कोण, ते सर्व्हेअर काम बघून ठरवणार. डावी खिडकी मोठीला, उजवी धाकटीला. "कुणीही झालं तरी मान तुमच्याच घरात," मुकादम म्हणाला होता आणि आपल्याच बोलण्यावर हसला होता.

मोठीला ती जागा हवी होती. तिला ती इतकी हवी होती की तिनं घरी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं, आज ती जागा ठरणार आहे म्हणून. धाकटीनं सांगितलं की नाही, कोण जाणे. सांगितलंच असणार. म्हणूनच सासूबाई सकाळी तसं बोलल्या असणार.

मुकादम सर्व्हेअरना घेऊन आधी उजव्या बाजूला गेला. डाव्या खिडकीपाशी मोठी खाली वाकून आपला पहिला काळा थर दाबत होती. तिचं पांढरं बघायला धाकटी येऊन गेली होती, तिनं टॉर्च या बाजूनं धरली, त्या बाजूनं धरली, आणि मगच म्हणाली, "पाहिलं, वहिनी." मध्ये बोटीची केबिन होती, तरी मोठीला सगळं ऐकू येत होतं.

"ही आमची इस्त्री."

"नमस्कार. हे काय चाललंय?"

"पत्र्याला रेझिन लावलंय, साहेब. आता कापड."

"लग्नाआधी काय करायचात?"

"काही नाही. वहिनींनी शिकवलं सगळं."

"हात बघा, साहेब, हात. रोलर तर फिरवतेय की नाही कळत नाही."

मग ते हसले, मग काहीतरी बोलले आणि चहाला ऑफिसात गेले. आणि धाकटी, जिचा हात पत्र्याला रेझिन लावून झाल्यावर अर्ध्यात थांबला होता, तिनं वळून पाहिलं तेव्हा तिला ओली चमक दिसली असणार. तिला वाटलं असणार, बसवलंय आपण.

"वहिनी, पांढरं बसलं."

हातमोज्याच्या आत मोठीची बोटं पांढरी पडली होती, इतका रोलर तिनं दाबला होता. तिकडे जायचं. वाकायचं. तिचं काम डोळे भरून बघायचं. आणि वर तिला सांगायचं की बघितलं.

"पाहिलं," मोठी जागेवरून म्हणाली.

शेवटच्या काळ्या थराचं कापड घ्यायला ती खाली टेबलापाशी आली तेव्हा तो तुकडा तिथे होता.

*

कसं बोलायचं:

अगं, तुझं पांढरं राहिलं बघ. (साधं. रेझिन अजून ओलं आहे, काळं सोलून काढता येईल. पण मग ती विचारेल, तुम्ही पाहिलं म्हणालात ते काय पाहिलंत?)

हे कापड कुणाचं गं? (जसं काही दोनशे बायका काम करतायत इथे.)

मला तुझी हाक ऐकूच आली नाही. (तिचा शब्द आणि माझा शब्द. मी या शेडमध्ये तिच्या कितीतरी आधीची. माझा ऐकतील. ऐकतील का? हात बघा, साहेब, हात.)

काहीच नाही. (ठिगळ वाळेल. उद्या वाजवून पाहतील, टणक वाजेल. सर्व्हेअर खूश, धाकटी हेड. दोन-तीन पावसाळ्यांनी पत्रा खाल्ला जाईल आणि मग कळेल सगळ्यांना तिच्या हातात काय आहे ते. पण तोवर? तोवर रोज सकाळी एकाच जिन्यावरून दोघींनी निघायचं आणि इथे आल्यावर तिनं सांगायचं, वहिनी, आज तुम्ही हे घासा.)

काचेचे तंतू बारीक असतात. खिशाच्या कापडातून ते मांडीला टोचायला लागले होते. डब्यातलं रेझिन हाताला कोमट लागत होतं. ते आधी कोमट होतं, मग गरम, मग दाट, आणि दाट झाल्यावर कुणाचंच ऐकत नाही. मोठीनं आपला शेवटचा थर घाईघाईनं बसवला. एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला. तिनं तो रोलरच्या कडेनं हाकलला, तो दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिनं तो अंगठ्यानं दाबला.

*

"वहिनी, जरा येता का? कोपऱ्यात हवा राहिलीय का बघा ना. मला समोरून कळत नाहीये."

या वेळी मोठी गेली.

तिनं टॉर्च धरली. काळं कापड खिडकीच्या वळणावर असं बसलं होतं की जणू पत्राच तिथे काळा निपजला होता. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत, कडा पायऱ्यांसारख्या उतरत्या. एक बुडबुडा तिनं शोधला. मनापासून शोधला. देवाकडे मागावं तसा मागितला.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालं," धाकटी म्हणाली आणि मनगटानं कपाळ पुसलं. "वहिनी, काल आई म्हणत होत्या—"

"आई काय म्हणतात ते मला घरी ऐकू येतं."

ही वेळ होती. रेझिन अजून ओलं होतं, दोघीच होत्या, आणि मोठीनं नुसता खिशात हात घातला असता तरी पुरलं असतं. ती शिडी उतरून खाली आली.

*

सर्व्हेअरनी डावी खिडकी पाहिली, चष्मा वर केला, खाली केला. "चांगलं आहे. इथे थोडी हवा दिसते."

"निघेल ती," मोठी म्हणाली.

मग सगळे उजवीकडे गेले. सर्व्हेअरनी वाकून पाहिलं, मागे सरून पाहिलं, आणि मग खिशातला मोबाइल काढून फोटो घेतला. डाव्या खिडकीचा त्यांनी फोटो घेतला नव्हता.

"हे कुणाकडून शिकलात?"

"सांगितलं ना साहेब, वहिनींकडून," धाकटी म्हणाली आणि मोठीकडे बोट केलं. "त्यांच्यासारखं अजून येत नाही."

येत नाही म्हणते. मोठीच्या कानशिलापर्यंत काहीतरी चढत गेलं. एवढं सगळं स्वतःच्या ताटात वाढून घेतल्यावर वर हा घासही हिनंच काढून द्यायचा, आपण तो सगळ्यांसमोर गिळायचा, आणि छान लागला म्हणायचं.

"मग ठरलं म्हणायचं का?" मुकादमानं विचारलं.

"मला तरी वाटतं—" सर्व्हेअर म्हणाले.

"पांढरं नाहीये त्यात."

आवाज आपला आहे हे मोठीला शेवटच्या शब्दाला कळलं. तिनं खिशातून तुकडा काढला आणि उलगडला. दोन घड्यांची फुली त्याच्यावर स्पष्ट उमटलेली होती.

मुकादमाचा चेहरा उतरला. त्यानं तुकडा घेतला, खिडकीच्या कोपऱ्याशी धरला. माप जुळलं.

"इस्त्री?"

धाकटी त्या फुलीकडे बघत होती.

"अगं, विचारतोय मी. पांढरं घातलं नाहीस?"

"मला वाटलं घातलंय," धाकटी हळू म्हणाली.

"वाटलं म्हणजे? मग पाहिलं कोण म्हणालं?"

परांचीची फळी कुणाच्या तरी पायाखाली करकरली. मोठीनं तोंड उघडलं. हाक ऐकूच आली नाही, हे वाक्य जिभेवर तयार होतं, आणि त्याच्या मागे दुसरं, खरं, तेही होतं, आणि दोघांपैकी कुठलं आधी बाहेर येईल हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"कुणीच नाही," धाकटी म्हणाली. "मी हाकच मारली नाही. साहेब आले होते ना, त्या गडबडीत राहिली."

"हाक मारली नाहीस?"

"नाही."

"आणि काळं चढवलंस?"

"हो."

मुकादम तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तुकडा फळीवर टाकला, अगदी हळू. त्याला ओरडताही आलं नाही. सर्व्हेअरनी मोबाइल खिशात ठेवला. "दिसायला चांगलं असणं वेगळं," ते मुकादमाला म्हणाले. "यांनी वेळेवर सांगितलं. मला हेड म्हणून अशीच व्यक्ती हवी. घरातलं माणूस असून बोलल्या."

मोठी उभी होती. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, सगळ्यांसमोर, कौतुकासकट.

*

काळं अर्धवट सुकून पत्र्याला धरलं होतं. दोघींनी मिळून ते थराथरानं सोललं. चिकट, जड, बोटांना ओढणारं. तेवढ्या वेळात त्या एकमेकींशी फक्त "धर" आणि "सोड" एवढंच बोलल्या. तेही मोठीच बोलली.

मग नळापाशी. धाकटी कोपरापर्यंत साबण लावत होती.

"खिशात कधी घातलंत?"

"मघाशी."

"मी कितव्या थरावर होते?"

मोठीनं पाणी जोरात सोडलं.

"मी कापडाच्या घड्या बघितल्या, वहिनी. आत्ता सापडलेल्या कापडाला अशा घड्या पडत नाहीत."

"मग सांगायचंस ना त्यांना. हाक मारली होती म्हणून सांगायचंस. माझी कसली भीड?"

"तुमची भीड नाही. तुम्हाला उद्यापासून गेटमध्ये घेतलं नसतं. मग मी रोज डबा घेऊन निघणार, तुम्ही दारात उभ्या राहणार, आणि संध्याकाळी मी आल्यावर तुम्ही मला चहा देणार. नाही जमलं असतं मला. घासणं परवडलं."

तिच्या आवाजात माया नव्हती. मोठीला जरा बरं वाटलं. माया असती तर तिचाही हेवा करावा लागला असता.

धाकटीनं नळ बंद केला. हात झटकले. ते निथळत असताना बोटांकडे बघत म्हणाली, "तुम्ही मान वर केली नव्हतीत, ते दिसलं होतं मला. खिडकीच्या काचेतून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलायचं? मला वाटलं, आता माझं बघायची गरज नाही असं वाटतंय वहिनींना. आधी प्रत्येक वेळी येऊन बघायचात, चुका काढायचात. आज पहिल्यांदा नाही आलात. इतकं बरं वाटलं मला. त्या नादात मीपण परत वळून पाहिलं नाही."

मोठी पंच्यानं हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते. काचेतून धाकटीला कुणीतरी दिसलं होतं: आपल्या जागेवर वाकलेली एक बाई, जिला धाकट्या जावेच्या हातावर इतका भरवसा होता की तिनं कामातून डोळासुद्धा काढला नाही. सहज म्हणाली, पाहिलं. धाकटीनं तिच्यावर जीव टाकला असता. ती बाई कुठे राहते, तिची मुलगी कुणाकडून वेणी घालून घेते, कोण जाणे. मोठीनं आयुष्यात कुणाचा एवढा हेवा केला नव्हता.

"चला," धाकटी म्हणाली. तिनं खोक्यातून घासायचा नवा कागद काढला, त्याचे दोन तुकडे केले, आणि दोन्ही स्वतःपाशीच ठेवले. "हेड तुम्ही. सांगा, कुठून सुरू करू?"

बोटीवर उजव्या खिडकीचा कोपरा उघडा पडला होता, पत्र्याला काळे ओरखडे चिकटले होते. आधी उभा, मग आडवा. हे तिनंच शिकवलं होतं, झोपेतसुद्धा सांगितलं असतं. धाकटी कागद धरून, मान थोडी खाली घालून, वाट बघत उभी होती, आणि मोठीला एक शब्द सुचेना.